खोलीचा आवाज

सोफ्यावरचं प्लास्टिक उन्हाळ्यात मांड्यांना चिकटायचं आणि हिवाळ्यात करकरायचं. खालचं हिरवं कापड कुणाच्या अंगाला कधी लागलंच नाही.

फ्रादल दाराची घंटा एकदा वाजली की उठायची नाही. दुसऱ्यांदा वाजली की उठायची. टपालवाल्याला हे ठाऊक होतं.

ज्यू घरांत गेलेल्याचं नाव जन्मलेल्याला द्यायचं. जिवंत माणसाचं द्यायचं नाही, नाहीतर मृत्यूचा दूत एखाद्या दिवशी घाईत चुकीच्या माणसाला उचलतो.

ग्रंथालयात सगळी नोकरी काढूनही फ्रादलच्या मुलीने, शूला वाक्सने, एकाही पोराला कधी ‘श्श’ केलं नाही. त्याबद्दल वाचकांनी तक्रारी केल्या.

तळहाताला वास असतो. वर कांदा, मग साबण, आणि अगदी खाली ओल्या लोखंडासारखं काहीतरी.

बसमध्ये एक बाळ रडत होतं. त्याच्या आईने हसत हसत त्याच्या तोंडावर तळहात ठेवला, उचलला, ठेवला, उचलला. रडणं तुटून तुटून वा-वा-वा असं ऐकू यायला लागलं. बाळाला स्वतःच्याच आवाजाची गंमत वाटली आणि ते रडायचं विसरलं. सगळी बस हसली. शूलाने घंटेची दोरी ओढली आणि दोन थांबे आधीच उतरली.

बर्फात उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हातमोजा दातांत धरलाय. लोकरीची चव. समोरून नगरपालिकेचं बर्फ ढकलायचं यंत्र पिवळा दिवा फिरवत गेलं, पदपथावर बर्फ वितळायला टाकलेल्या मिठाचा चिखल तिच्या बुटांवर उडाला, आणि तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. ती दुसऱ्यांदा वाजायची वाट पाहत राहिली. हे आपण करतो हे तिला माहीत होतं, पण आज पहिल्यांदाच ते तिला कुणा दुसऱ्याच्या अंगावरच्या कपड्यासारखं दिसलं.

“आई, कुठे आहेस? किल्ली तुझ्याकडे आहे,” तिची मुलगी नोएमी म्हणाली. “मी बोबेच्या दारात उभी आहे मशीन घेऊन. गारठून मेले तर फिल्म तुलाच पुरी करावी लागेल.”

“आलेच. चालत येते.”

“चालत? ह्या थंडीत? बस काय झाली?”

“बसमध्ये गर्दी होती,” शूला म्हणाली. बसमध्ये गर्दी नव्हती.

फ्रादलला, नोएमीच्या बोबेला म्हणजे आजीला, जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या आत आईचं घर मोडायचं नाही असं शूलाने आपलं आपणच ठरवलं होतं. धर्मात असं कुठे सांगितलेलं नाही, उलट आठवड्याचं सुतक संपलं की आरशांवरची कापडं काढा आणि बाहेर पडून एक फेरी मारून या, जगा, असंच सांगितलंय. पण आता महिनाअखेर घरमालकाला घर हवं होतं, आणि पुढच्या महिन्यात दफनभूमीत तिच्या थडग्याच्या नव्या दगडावरचं कापड काढायचं होतं, आणि त्याच संध्याकाळी सभागृहात नोएमीची आजीवरची फिल्म दाखवायची होती. शूलाने ती फिल्म पाहिली नव्हती. आठ वर्षांपूर्वी ह्याच घरात तीन दिवस चित्रीकरण चाललं होतं, तेव्हाही ती ग्रंथालयात होती. रजा मिळत नाही म्हणाली होती. ममेने, तिच्या आईने, युद्धात नाझींपासून लपून काढलेल्या दिवसांचं शाळाशाळांतून जाऊन सांगितलं होतं, दुसऱ्यांच्या नातवंडांना सांगितलं होतं, मग स्वतःच्या नातीला कॅमेऱ्यापुढे बसून सांगितलं होतं. शूलाला नाही. शूलाने कधी विचारलं नाही. त्या दोघींमध्ये हा एक करार होता. तो कोणी कधी केला हे दोघींपैकी एकीलाही आठवत नसावं. आजीकडून नातीकडे सगळं गेलं, तिच्या डोक्यावरून, जसं जेवणाच्या टेबलावर मिठाचं भांडं मधल्या माणसाच्या समोरून पुढे जातं.

“हे बघ, काम एवढंसं आहे,” नोएमी जिना चढता चढता सांगत होती. “मुलाखत संपली की खोलीत सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं आणि ती शांतता टेप करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे बोलणं कापलं, जोडलं, की मध्ये भोक पडतं ना, त्या भोकात ही शांतता भरायची. नाहीतर कानाला ठेच लागते. बोबेच्या वेळी आमच्या आवाजवाल्या गायतांने टेप केलं होतं एक मिनिट, पण ते वाया गेलंय. सोफा करकरतो मध्येच. आता घर जायच्या आत मला एक स्वच्छ मिनिट हवं.”

“रिकाम्या घरात?”

“सोफा आहे की अजून. पडदे आहेत. तू आहेस. खोलीत माणूस असला की शांतता निराळी होते, आई. बोबेच्या जागेवर बसायचं फक्त.”

दार उघडलं. घर आत थंड होतं आणि त्याला अजून वास होता. भिंतीवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन. नोएमीने खोलीच्या मधोमध उभं राहून डोळे मिटले, हेडफोन कानांवर ओढला आणि तोंड वाकडं केलं. “नाही जमत. फ्रिज नाही वाजत. तो तेव्हा वाजत होता. आणि घड्याळ.” मग शांततेसाठी फ्रिज पुन्हा लावावा लागला. रिकामा, धुऊन पुसून ठेवलेला फ्रिज एकदा थरथरला आणि घुमायला लागला. घड्याळ खोक्यातून काढून खिळ्याला अडकवून किल्ली दिली. शूला कोट न काढताच सोफ्यावर बसली. प्लास्टिक करकरलं.

“हेच!” नोएमी म्हणाली. “हाच तो. ऐकवते थांब, म्हणजे कसं बसायचं नाही ते कळेल.”

तिने लॅपटॉप उघडून समोर खोक्यावर ठेवला. आणि ममे तिथे होती. ह्याच सोफ्यावर, शूला बसली होती बरोबर त्याच जागी, निळ्या ब्लाउजमध्ये, केस बसवून घेतलेले. ती कॅमेऱ्याच्या बाजूला असलेल्या कुणाला तरी झापत होती.

“गायतां, तुला घरी कोणी जेवायला घालतं की नाही? तो माइकचा बांबू धरून उभा आहेस, त्यात बांबू कुठला आणि तू कुठला ते ओळखू येत नाही. नोएमी, त्याला केक दे. मोठा तुकडा. एवढा नाही, हा तर मुंगीला दिल्यासारखा दिलास.”

शूला हसली. हसू आलं त्याचं तिला नवल वाटलं. ममे असंच बोलायची. शाळांत पोरं तिच्यावर जीव टाकायची ती त्यासाठीच. भिंतीमागे लपलेल्या माणसांची गोष्टही ती अशीच सांगायची, म्हणे. धान्याच्या कोठारात खोटी भिंत, तिच्यामागे माणसं उभी, आणि त्यात एक मामा, जो उभ्या उभ्या घोरायचा. पोलीस बाहेर भाला खुपसत हिंडताहेत आणि आत मामाचं नाक दाबायला सगळ्यांचे हात एकदम पुढे. पोरं हसायची आणि मग हसलो म्हणून घाबरायची.

“हे मुलाखत संपल्यानंतरचं आहे,” नोएमी म्हणाली. “मला खरं तर ‘बाळ तापाने गेलं’ ह्या वाक्यानंतर शांतता हवी आहे. ती तिथे खूप खोकते. खोकला कापला की मोठ्ठं भोक पडतं.”

“कुठलं बाळ?”

नोएमीने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात थोडी दया होती. “तिचा भाऊ, आई. तुला माहीत नाही? भिंतीमागे तोही होता. मी नाव विचारलं तर म्हणाली, बाळच म्हणायचो आम्ही. आणि लगेच मामाची गोष्ट सुरू.”

शूलाला माहीत होतं. एक भाऊ होता एवढं माहीत होतं. बाबांनी एकदा ओझरतं सांगितलं होतं. नोएमीच्या वेळी तिला सातवा महिना होता तेव्हा ह्याच घराच्या स्वयंपाकघरात ती ममेला म्हणाली होती, मी तुझ्या आईचं नाव घेतलं, दादाने आजोबांचं घेतलं, मावश्यांची नावंही देऊन संपली. मला मुलगा झाला तर तुझ्या भावाचं नाव ठेवते. ममे झणझणीत तिखट मुळा किसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तो मुळा किसताना ते सगळ्यांनाच येतं. ती किसत राहिली. मग म्हणाली, “नको. इतक्या लहान जिवाचं नाव दुसऱ्याला घालू नये. आखूड पडतं.” शूलाला त्या वेळी ते वाक्य गंमतीचं वाटलं होतं. पुढे कितीतरी दिवस ते ती लोकांना सांगायची, माझी आई काय बोलते बघा. मुलगी झाली आणि प्रश्न मिटला.

“आता ऐक,” नोएमी म्हणाली. ती स्वतः पडद्याकडे बघत नव्हती. खाली मशीनवरच्या हिरव्या रेघांकडे बघत होती.

पडद्यावर ममेने केकचे कण स्कर्टवरून झटकले. बाहेरून गायतांचा आवाज आला, जाड, कामाच्या घाईतला पुरुषी आवाज: “आता कुणी हलायचं नाही. कुणी बोलायचं नाही.”

आणि ममेचा चेहरा विझला. शूलाला दुसरा शब्द सुचेना. घरातले दिवे कुणी एकेका खोलीत जाऊन मालवावे तसा, वरून खाली. डोळे उघडे होते. पाठ सोफ्यापासून सुटून ताठ झाली. छाती हलायची थांबली. निळ्या ब्लाउजचं वरचं बटण जे मघापासून वर-खाली होत होतं ते आता जागच्या जागी. आणि उजवा हात, मांडीवरचा, आपला आपण निघाला, शेजारच्या उशीवर गेला आणि पालथा पडला. बोटं जुळलेली. अंगठा वेगळा. हात दाबत गेला. प्लास्टिक करकरलं. थांबलं. पुन्हा करकरलं, जणू खालून काहीतरी हललं. हात आणखी दाबला गेला, कोपर सरळ झालं, खांदा उतरला. मग प्लास्टिक करकरलं नाही. घड्याळ वाजत होतं. फ्रिज घुमत होता. “झालं, आभारी आहे,” गायतां म्हणाला. हात तिथेच. कुठूनतरी पोरसवदा नोएमी म्हणाली, “बोबे, झालं की.” तेव्हा ममेने हात उचलला, उलटा करून पाहिला, स्कर्टला पुसला, आणि म्हणाली, “चहा कोण कोण घेणार?”

“ऐकलीस ती करकर?” नोएमी म्हणाली. “दोनदा.”

“तू बघितलंस हे?”

“काय? चित्र? नाही, ह्यात बघण्यासारखं काय आहे, ती नुसती बसली आहे. हे आवाजापुरतं असतं.”

शूलाच्या ओठांना एक जुना उंचवटा पुन्हा जाणवत होता. ममेच्या उजव्या तळव्यावर, अंगठ्याखालच्या मांसल भागात एक वण होता, अर्धचंद्रासारखा, आणि त्याच्यासमोर दुसरा, फिकट. लहानपणी घंटा वाजली, जिन्यात बूट वाजले, काहीतरी विकणारा आला, की ममे जिथे असेल तिथून यायची, शूलाला ह्या सोफ्यावर खाली बसवायची आणि तिच्या तोंडावर तळहात ठेवायची. मारल्यासारखा नाही. झाकण ठेवल्यासारखा. कांदा, साबण, आणि खालचं ते ओलं लोखंड. वण बरोबर ओठांवर यायचा, आणि शूला जिभेने तो चाचपायची, कारण दुसरं करायला काही नव्हतं. हे कशाने झालं, ममे? मासा साफ करताना. दुसऱ्या वेळी विचारलं तर डबा उघडताना. तिसऱ्या वेळी कुत्रा. शूलाला वाटायचं सगळ्यांच्याच आया असं करतात, घंटा वाजली की. मग एका हिवाळ्यात तिला सर्दी होती. नाक चोंदलेलं. घंटा वाजली, हात आला, आणि हवा आली नाही. तिला आठवतं ते हे की भीती वाटली नाही. खिडकीच्या पडद्यावरची फुलं मोठी झाली, खूप सुंदर झाली, काठ सोनेरी झाले. तिने धडपड केली असावी, कारण प्लास्टिक करकरत होतं. हात एकाएकी गेला. ममे न्हाणीघरात पळाली. आत नळ सोडल्याचा आवाज, बराच वेळ नळ. बाबा कामावरून आले तरी नळ. बाबा दाराला तोंड लावून काहीतरी समजावत होते, मग बाहेर येऊन म्हणाले, “तुझी आई भित्री आहे गं, बाकी काही नाही.” त्या रात्री ममेने तिला दोनदा जेवू घातलं. त्यानंतर तो हात शूलाच्या तोंडावर कधी आला नाही. घंटा वाजली की तो शेजारच्या उशीवर पडायचा. शूला त्या हाताशेजारी बसून पुस्तक वाचायची. इतकी वर्षं ती त्या हाताशेजारी बसून वाचत राहिली होती.

“करूया?” नोएमीने बटणावर बोट ठेवलं. “कोट काढतेस का? तोही सळसळतो.”

शूलाने कोट काढला. थंडी मानेवरून आत शिरली. तिला स्वच्छ कळत होतं की आता दोनच वाटा आहेत. एक, काही बोलायचं नाही. पोरीला स्वच्छ मिनिट द्यायचं, ते ‘बाळ तापाने गेलं’च्या पुढे बसेल, बेमालूम, आणि ताप ताप राहील. ममेने तोच शब्द निवडला होता. जन्मभर शब्द निवडूनच ती उभी राहिली होती, आणि मेलेल्या बाईच्या तोंडातून तिने न काढलेला शब्द काढायचा अधिकार कुणाला? सभागृहात दिवे लागल्यावर कोणीतरी उठून विचारेलच, म्हणजे त्या खोटं बोलल्या का? बाहेरच्या जगात तर असा एक धागा सापडायची वाट बघत बसलेले लोक आहेत. एक उसवला की ज्यूंचा सगळा संहारच खोटा म्हणायला मोकळे. दहा वर्षांच्या पोरीच्या कुशीत भिंतीमागे बाळ कोणी दिलं, हात ठेव असं कोणी खुणावलं, की कोणीच खुणावलं नाही, हे विचारायला आता कोण उरलंय? आणि दुसरी वाट, बोलायचं: शूलाला अडुसष्टावं चालू आहे, न बोलता ती गेली की ह्या मिनिटात फक्त एक म्हातारी सोफ्यावर बसलेली उरेल. बघण्यासारखं काही नसलेली. आवाजापुरती. आणि वाया गेलेली.

“आता कुणी हलायचं नाही,” नोएमी हळूच म्हणाली, आणि लाल ठिपका लागला.

घड्याळ. फ्रिज. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतं, लांब, मऊ. शूला ममेच्या जागेवर ममेसारखी बसली होती आणि तिला जाणवलं की आपण श्वास धरला आहे. कुणी सांगितलं नव्हतं. मांडीवरचा उजवा हात निघाला होता. तिने तो उशीच्या वर, हवेतच थांबवला. अधांतरी हात किती जड असतो. खाली हिरव्या कापडावर प्लास्टिक, प्लास्टिकवर फिकट उजेड, आणि उशीत एक खड्डा होता, लहानसा, वर्षानुवर्षांचा, जो कुणीच बसून पाडलेला नव्हता. तिने हात मागे घेतला. मग श्वास सोडला. मोठ्याने. मशीनच्या रेघा उसळल्या.

“माझ्या तोंडावर ठेवायची ती हात,” शूला म्हणाली.

नोएमीने झटकन वर पाहिलं. “आई! मशीन चालू आहे!”

“दिसतंय मला. चालू दे.”

“तू तर म्हणाली होतीस, मी कधी कॅमेऱ्यापुढे बसणार नाही—”

“हा कॅमेरा नाही. हे आवाजापुरतं आहे.” तिला स्वतःचा आवाज वा-वा-वा असा तुटत येईल असं वाटलं होतं, पण तो तुटला नाही. “घंटा वाजली की ह्या सोफ्यावर बसवायची मला. इथे, ह्याच जागी. आणि हात ठेवायची. इथे एक वण होता तिला, अंगठ्याखाली. माझ्या ओठांना लागायचा. मी विचारलं की म्हणायची मासा. मग म्हणायची डबा. मग म्हणायची कुत्रा.”

नोएमीने हळूच लॅपटॉप स्वतःकडे वळवला, बोटाने मागे नेला, आणि आवाज बंद ठेवून ते मिनिट पुन्हा लावलं. ह्या वेळी ती बघत होती. शूला पडद्याकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर निळा उजेड हलला, मग हलायचा थांबला. खालचा ओठ आत गेला, तीन वर्षांची असताना जायचा तसा.

“आई,” नोएमी म्हणाली. “उशीवर. तो हात कोणा—”

“मला माहीत नाही.”

“पण तुला वाटतं की—”

“मी नव्हते तिथे, बाळा. मी माझ्यापुरतं सांगते. माझ्या तोंडावर होता तो मला माहीत आहे. पुढचं तिचं आहे.” मग ती म्हणाली, “एकदा मला सर्दी झाली होती. तेही सांगू का?”

“सांग.” नोएमी जमिनीवर बसली, थंड फरशीवर, आणि तिने डोकं सोफ्याला टेकवलं. प्लास्टिक करकरलं. दोघी थांबल्या, जणू कुणी तिसरं काही म्हणेल.

शूलाने सांगितलं. खिडकीच्या पडद्यावरच्या फुलांचंही सांगितलं. न्हाणीघरातल्या नळाचं सांगताना फ्रिज एक आचका देऊन आपणहून बंद पडला, आणि खोलीची शांतता बदलली. तेव्हा मात्र तिचा आवाज गेला, आणि बराच वेळ नुसतं घड्याळ टेप होत राहिलं.

“ती करकर काढू नकोस,” शेवटी शूला म्हणाली.

“नाही काढत.”

“तापाच्या वाक्यानंतर घाल. आणि चित्रही ठेव. खाली काही लिहू नकोस.”

“लोक विचारतील, आई. हे काय आहे म्हणून.”

“मी बसेन ना तिथे, पहिल्या रांगेत. मला विचारू दे.”

नोएमीने मान हलवली. लाल ठिपका अजून लागलेला होता. बाहेर बर्फ खरवडणाऱ्याने गाडी सुरू केली, ती दोनदा खोकली आणि गेली. शूलाने उजवा हात पुढे केला आणि नोएमीच्या डोक्यावर ठेवला, केसांवर, तोंडापासून लांब. आणि तो तिथे ठेवताना किती हलका ठेवायचा हे तिला ठरवता येईना.

फ्रादलच्या धाकट्या भावाचं नाव येखील होतं. १९४२च्या त्या उन्हाळ्यात त्याला चार दात आलेले होते, दोन वर, दोन खाली.